तीन गटांत एकच चाल: तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या मात्रेला स्वर भांडतात

पेटीवाली · सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत मी संगीत शिकवते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गॅदरिंग आहे. दरवर्षीचं समूहगीत या वेळी नको, सातवीच्या मुलींकडून कॅनन बसवायचा असं डोक्यात घेतलंय. म्हणजे चाल एकच, गट तीन. पहिला गट सुरू करतो, आठ मात्रांनी दुसरा गट तीच चाल पहिल्यापासून धरतो, आणखी आठ मात्रांनी तिसरा. लहानपणी 'आर यू स्लीपिंग' आपण असंच म्हणायचो.

शब्द आणि चाल माझीच. केहरवा (आठ मात्रांचा ताल), शुद्ध स्वर, पट्टी पांढरी एक. तीन ओळी (रेघ म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा, सां म्हणजे वरचा सा):

या हो ढगांनो इथं
सा – ग रे | प म ग रे

रान सारं तापलंय की
ग ग प ध | सां नि ध प

दे थेंब दे रे
प – म ग | रे – सा –

एकेकटी म्हटली तर चाल गोड आहे हो. मुलींना दोन दिवसांत पाठ झाली. पण शनिवारी तिन्ही गट एकत्र आणले आणि तिसऱ्या मात्रेला जे काही झालं, त्यानं मागच्या बाकावरच्या दोघी हसायलाच लागल्या. मला वाटलं कुणीतरी बेसूर झाली. एकेक गट वेगळा ऐकला, सगळ्या सुरात. पुन्हा एकत्र केलं, पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या मात्रेलाही तसंच, थोडं कमी.

इथं एक स्वर बदलला की तिथं दुसरीकडं उसवतं. तीन दिवस हेच चाललंय. कुणी कॅनन रचलाय का? कसं सोडवतात हे?

सातरस्ता · सोमवार, रात्री १०.४१

स्वरांचं नंतर बघू. जानेवारीत पाऊस कशाला बोलावताय बाई? होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली असतीय, सगळा चिखल करणार काय?

पेटीवाली · सोमवार, रात्री १०.४४

गाणं मे महिन्यात सुचलं होतं, पंखा बंद होता तेव्हा.

हुतात्मानं_पुणे · सोमवार, रात्री ११.१५

ताई, मी गिटारवाला आहे, कॅननवाला नाही. तरी सांगतो. तुमच्या तिन्ही ओळी एकाखाली एक लिहून उभ्या वाचा. तुम्ही आतापर्यंत आडव्याच वाचताय.

मी वाचल्या. पहिली मात्रा सा ग प, मस्त कॉर्ड, म्हणजे एकत्र गोड लागणारे स्वर. दुसरी तशीच. तिसरी मात्रा ग, प आणि म. इथं मेलं. ग आणि म शेजारी शेजारी, मध्ये एकही पट्टी नाही. पांढरी एकच्या पट्टीत ग साधारण ३३० हर्ट्झ, म ३४९. दोन्ही एकदम लागले की सेकंदाला एकोणीस-वीस ठोके पडतात. ते वेगळे मोजता येत नाहीत, नुसती खरखर ऐकू येते. मुली बेसूर नाहीत, खरखर खरी आहे.

पाचवी मात्रा प, सां, रे. सहावी म, नि, रे. आठवीला रे, प, सा.

एक सोपा उपाय: दुसऱ्या गटाला आठऐवजी चार मात्रांनी आणून बघा. अंतर बदललं की उभ्या जोड्याच बदलतात.

पेटीवाली · मंगळवार, सकाळी ७.०५

चार मात्रांचं कालच करून पाहिलं. पहिला गट 'प म ग रे' म्हणतोय तेव्हा दुसरा 'सा – ग रे' म्हणतो. शेवटच्या दोन मात्रा दोघांचाही ग रे. भांडण मिटलं, पण दोन गट एकच गाणं एकाच वेळी म्हणतायत असं वाटतं. पाठलाग उरतच नाही.

उभं वाचायचं मात्र पटलं. चौकटीची वही घेतली आहे.

षड्जपंचम · मंगळवार, सकाळी ८.३०

क्षमा असावी, पण मुळात हा हव्यास कशाला? आपलं संगीत एका स्वरामागून एक स्वर असं चालतं. त्याला साथ षड्ज-पंचमाची. त्यातच सगळं आहे.

आणि करायचंच असेल तर भूप राग घ्या. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. ग-म शेजार नाही, नि-सां शेजार नाही. तिघी कुठूनही सुरू झाल्या तरी कानाला बोचणार नाही. प्रश्नच मिटला.

आल्टोमावशी · मंगळवार, दुपारी १.५०

काका म्हणतात ते खरं आहे. जर्मनीत कार्ल ऑर्फ यांनी लहान मुलांच्या संगीतशिक्षणात पाच स्वरांवर भर दिला, त्यामागं हेही कारण होतं की मुलांनी कसंही वाजवलं तरी फार खटकत नाही.

पण पेटीवाली ताई, भूपात भांडण नाही तशी भांडण मिटल्याची मजाही नाही. तिन्ही गट गोल गोल फिरत राहतात, कुठं पोचल्यासारखं वाटत नाही. तुमच्या चालीत म आणि नि आहेत ते राहू द्या. त्यांच्यामुळंच चाल पुढं सरकतेय.

मी आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये वीस वर्षं आल्टो गाते. आल्टोच्या वाट्याला कधी चाल येत नाही, सगळा जन्म मधल्या स्वरांत जातो. त्यामुळं उभं ऐकायची सवय लागली आहे. रात्री सविस्तर लिहिते, आत्ता पोळ्या राहिल्यात.

सातरस्ता · मंगळवार, दुपारी २.१०

भूपातला कॅनन म्हणजे लसूण-मिरची न घातलेली शेंगाचटणी. कूट म्हणायचं त्याला.

ताणाबाणा · मंगळवार, संध्याकाळी ६.३५

मला सरगम फार कळत नाही, पण वाचताना गंमत वाटली. आमच्या घरात दोन पिढ्या चादरीचे माग होते. जॅकार्डला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात, एका कार्डावर नक्षीची एक आडवी ओळ. एका कार्डात एक भोक चुकलं की ती चूक चादरीत एकदाच येत नाही. नक्षी जितक्या वेळा येते तितक्या वेळा येते. लहानपणी मी वडलांना विचारायचो, एवढी भोकं, चूक शोधता कशी? ते म्हणायचे, कार्ड बघत बसू नको, कापड बघ. चूक कापडात दिसते, दुरुस्त कार्डात करायची.

तुमचंही तसंच आहे ना? चाल एकच, तिन्ही गट तीच म्हणणार. एक स्वर बदलला की तिन्ही गटांत बदलणार.

आल्टोमावशी · मंगळवार, रात्री ९.४०

ताणाबाणा दादा, अगदी तेच. आमच्या क्वायरमास्तरांना हे वाक्य सांगणार आहे.

तर ताई, आता निवांत.

तुम्ही एक चाल आडवी केलीत आणि मग तिचे तीन तुकडे एकमेकांवर ठेवले. जमलं तर नशीब, नाहीतर खटका. असला गोल फिरणारा कॅनन करताना उलटं चालायचं. आधी आठ मात्रांचा एकच तुकडा घ्यायचा आणि त्यात तीन आवाज एकाच वेळी गातायत असं लिहायचं. प्रत्येक उभ्या रकान्यात तिघांचं जमलं की वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ अशा एकीपुढं एक जोडायच्या. झाली चाल. मग ती कुणी कुठूनही धरली तरी रकाने तेच राहतात, नुसते गट जागा बदलतात.

पाखेलबेलचा कॅनन सगळ्यांनी ऐकलाय, निदान लग्नाच्या व्हिडिओत तरी. तीन व्हायोलिनं दोन-दोन मापांच्या (मात्रांच्या ठरावीक गटांच्या) अंतरानं एकच चाल वाजवतात. ती भांडत नाहीत कारण खाली आठ स्वरांचा एक बेस दोन मापांत पूर्ण होतो आणि तोच २८ वेळा येतो. वरची चाल कितीही फुलली तरी प्रत्येक दोन मापं त्याच आठ स्वरांवर बेतलेली. मागचं व्हायोलिन काय वाजवतंय याची काळजी त्या बेसनं आधीच वाहिलेली असते.

(न फिरणारा, सरळ पुढं जाणारा कॅनन वेगळा. तिथं चार मात्रा लिहायच्या, त्या दुसऱ्या आवाजात खाली उतरवायच्या, त्यांच्यावर पहिल्याच्या पुढच्या चार रचायच्या, मग त्या खाली उतरवायच्या. पायऱ्या बांधत बांधत जिना चढल्यासारखं. बाखनं १७४१ च्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्समध्ये दर तिसरी रचना कॅनन केली आहे, असे नऊ. पहिल्यात पाठलाग करणारा त्याच स्वरावर येतो, पुढच्यात एक स्वर वर, असं करत नवव्या स्वरापर्यंत. ते तुम्हाला आत्ता नको.)

आता तुमचे रकाने. तिसरी आणि चौथी मात्रा बघा. तिसरीला ग, प, म. चौथीला रे, ध, ग. दोन्हीकडं खटका, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या ओळीमुळं. तिथं तुम्ही 'म ग' केलंय. ते फक्त उलटं करा, 'ग म'. तिसऱ्या मात्रेला ग, प, ग. चौथीला रे, ध, म. स्वर तेच दोन, जागा बदलली. पेटीवर दाबून बघा आणि सांगा.

पेटीवाली · मंगळवार, रात्री १०.०२

मावशी!!

आत्ता पेटी काढली. भाता हळू मारत एकेक रकाना दाबला. तिसरी मात्रा: ग प. चौथी: रे म ध. अहो ही तर चक्क तयार कॉर्ड आहे, बोटं आपोआप एक सोडून एक पडली. तीन दिवस मी दुसरी ओळ बदलत बसले होते. दुखणं तिसऱ्या ओळीत होतं.

शेजारच्या आजींनी खिडकीतून विचारलं, पेटी बिघडली का गं, एकच एक काय दाबतेस.

हुतात्मानं_पुणे · मंगळवार, रात्री १०.३०

मला 'म ग' मधला उतार आवडत होता. तो ठेवायचा तर सस्पेन्शन करता येईल ना? म एक मात्रा आधी आणायचा, धरून ठेवायचा, आणि मग ग वर सोडायचा. 'प म – ग'. लांबवलेला खटका गोड लागतो.

आल्टोमावशी · बुधवार, सकाळी ६.५०

सस्पेन्शनचा विचार चांगला, जागा चुकीची. त्याला तीन गोष्टी लागतात. एक, धरून ठेवायचा स्वर येताना इतरांशी जमलेला असला पाहिजे. दुसऱ्या मात्रेला वर सा आणि ग चालू आहेत, तिथं म आला की येतानाच ग ला धक्का. दोन, तो ठोक्यावर खटकला पाहिजे आणि मग एक पायरी खाली उतरला पाहिजे. तुमचा म चौथीला ग वर उतरतो, पण चौथीला इतर दोघे रे आणि ध वर गेलेले, म्हणजे उतरूनही सुटका नाही. आणि तीन, ज्या स्वरावर उतरायचं तो दुसरं कुणी आधीच गात असू नये. तिसऱ्या मात्रेला पहिला गट ग वरच बसलाय. एसटीत रुमाल टाकून ठेवलेल्या जागेवर दुसराच बसलेला असावा तसं होतं ते.

पण तुमच्यासाठी एक जागा आहे. थांबा, आधी पाचवी-सहावी सोडवू.

षड्जपंचम · बुधवार, सकाळी ८.१५

सहाव्या मात्रेबद्दल मला बोलायचं आहे. शुद्ध मध्यम आणि शुद्ध निषाद यांच्यात संवाद नाही. नाट्यशास्त्रात संवादी स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचं (श्रुती म्हणजे स्वरांमधलं सूक्ष्म अंतर) अंतर सांगितलंय. सा-म, सा-प ही त्याची रोजची उदाहरणं. मध्यमापासून त्याच अंतरावर कोमल निषाद येतो, शुद्ध नव्हे.

आणि बाईंची दुसरी ओळ कशी आहे पाहा. सां नि ध प, उतरती. खमाज रागात चढताना निषाद शुद्ध, उतरताना कोमल. मग इथं कोमल निषाद घ्यायला हरकत काय? सां नि॒ ध प. परदेशी औषध आणण्याआधी घरातला डबा उघडून बघावा.

आल्टोमावशी · बुधवार, दुपारी १२.२५

काका, साष्टांग. मला हे सुचलंच नसतं.

रकाने तपासते. तिसऱ्या ओळीचा उत्तरार्ध 'रे – सा –' ऐवजी 'ग रे सा –' असा धरते, कारण पाचव्या मात्रेला सां आणि प असताना रे खटकतोय, ग बसतो. मग पाचवी ग प सां, सहावी रे म नि॒, सातवी सा ग ध. तिन्ही आवाज हातात हात घालून एकेक पायरी खाली उतरतात. एकही खटका नाही.

माझा रस्ता वेगळा होता. शुद्ध नि ठेवायचा आणि त्याला परत वर पाठवायचं, 'सां नि सां –'. सहाव्या मात्रेला रे, म, नि हा ताण तसाच राहतो. पण सातव्या मात्रेला म खाली ग वर, नि वर सां वर, रे खाली सा वर. दोन बाजूंना दोघं सुटतात. आता तुमच्या चालीत म ग वर उतरतोच आहे. नि मात्र ध वर घसरतो, त्याचं घर वर अर्ध्या पावलावर असताना. कानाला खुपतो तो ताण नव्हे. ताण दिला आणि सोडवला नाही, हे खुपतं.

दोन्ही म्हणून बघा.

सातरस्ता · बुधवार, दुपारी १२.४०

म्हणजे नि सासरी राहायचा की माहेरी यायचा, असा प्रश्न हाय. बघा की ओ, धागा शेवटी कौटुंबिकच झाला.

पेटीवाली · गुरुवार, रात्री ९.१५

आज दोन्ही करून पाहिलं. मधल्या सुट्टीनंतरचा तास, मुली भेळ खाऊन आलेल्या, म्हणजे परीक्षाच.

काकांचा कोमल निषाद लागला तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. इतका गोड. पण तीन-चार आवर्तनं झाल्यावर संपवायचं कुठं ते कळेना. सातव्या मात्रेला थांबवलं तर सा ग ध वाजतं आणि गाणं अजून बाकी आहे असंच वाटतं. एक मुलगी म्हणाली, "बाई, जिना संपला पण मजला आला नाही."

मावशींचं 'सां नि सां' घेतलं. सहाव्या मात्रेला थोडी चुरचुर, आणि सातव्याला सगळ्या घरी. थांबायची जागा सापडली: हात वर केला की तिन्ही गटांनी पुढच्या सातव्या मात्रेवर थांबायचं. सा, ग, सां.

काका, रागावू नका. माझ्या आवडीचा तुमचाच आहे. मुलींसाठी मावशींचा घेतेय.

एक दुःख: 'तापलंय की' मधला 'की' गेला. 'तापलं'च बसतं आता. सोलापूरचं गाणं आणि त्यात 'की' नाही.

षड्जपंचम · गुरुवार, रात्री ९.५०

रागावलो नाही. मात्र एक विनंती. पेटीवर गाऊ नका. पेटीतला गंधार तानपुऱ्यातल्या आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो, जवळजवळ चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. एकट्या गाण्यात खपून जातं. तीन आवाज एका वेळी सा-ग-प धरतात तेव्हा खपत नाही. तानपुरा लावा, मोबाइलवरचा चालेल, आणि पेटी फक्त पहिला सा द्यायला ठेवा.

हुतात्मानं_पुणे · गुरुवार, रात्री १०.२०

आठव्या मात्रेचं काय? पहिली ओळ रे वर संपते, तेव्हा खाली सा आणि वर सां चालू आहे. रे-सा खटकणार. आणि मी कुठंतरी वाचलं होतं की दोन आवाज पाचव्या स्वराच्या अंतरानं जोडीनं चालले तर चूक. तेही तपासलं का?

आल्टोमावशी · शुक्रवार, सकाळी ७.१०

जोडीनं चालणाऱ्या पंचमांचा नियम खरा आहे. १७२५ मध्ये योहान फुक्स यांनी काउंटरपॉइंटचे (वेगवेगळ्या चाली एकाच वेळी जुळवण्याचे) धडे गुरु-शिष्याच्या संवादात लिहिले, हायडननं ते गिरवले, त्यात हे पक्कं सांगितलंय. दोन आवाज पंचमात किंवा सप्तकात समांतर गेले की दोघांचा एकच आवाज झाल्यासारखा वाटतो, वेगळेपण जातं. इथं तपासलं, कुठंही नाही. पाचव्या ते सातव्या मात्रेत पहिली आणि तिसरी ओळ समांतर जातात, पण ग-प, रे-म, सा-ग अशा. तसं कितीही चालावं, कुणी काही म्हणत नाही.

आठवीचा रे राहू द्या. तो ग पासून निघून लगेच ग वर परततो, दारात पाय टेकवून परत येणाऱ्यासारखा. आठवी मात्रा दुबळी, तिथं टाळी नाही. तोच रे समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाकला असता तर मीच आधी ओरडले असते. खटका कोणता यापेक्षा तो कुठं पडतो आणि कुठून कुठं जातो, हे जास्त बघायचं. सगळे खटके पुसले तर कॅननचं समूहगीत होईल.

आता सस्पेन्शनची जागा. चौथ्या मात्रेला तिसरी ओळ म वर आहे, रे-म-ध मध्ये छान बसलेली. पाचव्या मात्रेला ती ग वर जाते. ती अर्धी मात्रा उशिरा जाऊ दे. पाचवी लागली, इतर दोघी प आणि सां वर पोचल्या, तिसरीचा म अजून तिथंच, मग हळूच ग. येताना जमलेला, ठोक्यावर खटकणारा, खाली उतरणारा, आणि तो ग त्या क्षणी दुसरं कुणीही गात नाही. तिन्ही अटी पुऱ्या. गिटारवाले, ही तुमची.

षड्जपंचम · शुक्रवार, सकाळी ८.००

याला आम्ही म वरून ग ला मींड, म्हणजे न तुटता घसरणं, म्हणतो. पण ठीक आहे, छान आहे.

ताणाबाणा · शुक्रवार, दुपारी ३.२०

शेवटी कापड कसं झालं ते एकत्र लिहा की ताई. वर जाऊन जाऊन बोट दुखलं.

पेटीवाली · रविवार, संध्याकाळी ७.३०

लिहिते. कालच्या तालमीनंतरचं:

या हो ढगांनो इथं
सा – ग रे | प म ग रे

रान सारं तापलं
ग ग प ध | सां नि सां –

दे थेंब एक रे
प – ग म | मग रे सा –

सगळे स्वर सा ते सां एका सप्तकात, मुलींना कुठं ताणावं लागत नाही. 'मग' एका मात्रेत. तिसऱ्या ओळीत एक अक्षर वाढवावं लागलं म्हणून 'दे रे' चं 'एक रे' झालं. मला तेच जास्त आवडलं, सोलापूरनं एकच थेंब मागावा हे बरोबर आहे.

पेटी मिटून ठेवली. मोबाइलचा तानपुरा बाकावर ठेवला, आवाज पुरेना म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवला. पहिल्या दोन फेऱ्या तिसरा गट दुसऱ्याच्या मागं ओढला गेला. मग गटांची तोंडं एकमेकांकडं न ठेवता गोलात बाहेरच्या बाजूला केली, तेव्हा स्थिरावल्या. चौथ्या फेरीत पाचव्या मात्रेला तो म लांबला आणि ग वर आला. मागच्या बाकावरच्या त्याच दोघी, आधीच्या शनिवारी हसलेल्या, त्यांनी एकमेकींकडं बघितलं. या वेळी हसल्या नाहीत.

सगळं जमलंय असं नाही. सहाव्या मात्रेला दुसऱ्या गटाचा नि अजून थोडा खाली पडतो आणि मग 'सां' ही खाली येतो. त्यावर रोज दहा मिनिटं.

आणि 'की' चं सांगायचं राहिलं. मी फळ्यावर 'तापलं –' लिहिलं होतं, सां दोन मात्रा लांबवायचा म्हणून. मुली म्हणताना 'तापलंय की'च म्हणतायत. मी दोनदा थांबवलं. तिसऱ्यांदा एकीनं विचारलं, "बाई, सां वरच म्हणतोय की ओ आम्ही. वेगळा सूर कुठं घेतला?"

वहीत बघितलं. ता-सां, प-नि, लंय-सां, की-सां. आठव्या मात्रेला रकाना तोच राहतो.

फळ्यावरची रेघ पुसून 'की' लिहिला.

सातरस्ता · रविवार, संध्याकाळी ७.४२

आता आम्ही गॅदरिंगला येतोय. छत्री आणायची का तेवढं सांगा.